प्याला एकच, चष्मे पाच

दोस्तांनो, कॉलेजच्या कँटीनमध्ये चार मराठीवाल्यांना विचारून बघा, 'एकच प्याला' हे नाटक कशावर आहे? चौघंही चहाचा घोट न सोडता सांगतील, दारूच्या दुष्परिणामांवर. गाइडमध्ये तसंच छापलेलं असतं आणि पेपरात तेवढं लिहिलं की मार्कही पडतात. मग त्यांना दुसरा प्रश्न विचारा. दारू वाईट, एवढंच सांगायला पाच अंकी नाटक कशाला लागतं? ते तर बाटलीच्या लेबलवरही लिहिलेलं असतं!

राम गणेश गडकरी नावाच्या माणसानं हे नाटक लिहिलं तेव्हा तो बत्तीस-तेहतीस वर्षांचा होता. तुमच्यापेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी मोठा. नाटकाचा पहिला प्रयोग बघायलाही तो उरला नाही. आज हा माणूस नीट ओळखून घेऊ आणि त्याचं नाटक वेगवेगळे चष्मे लावून बघू. समीक्षा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. पण समीक्षा म्हणजे दुसरं काय? तीच गोष्ट जागा बदलून पुन्हा बघायची, आणि आधी दिसलं नव्हतं ते दिसलं की स्वतःला विचारायचं, हे मला आधी का दिसलं नाही?

नापास मुलगा, मोठी वही

गडकऱ्यांचा जन्म 26 मे 1885 चा, गुजरातेतल्या नवसारी भागातला. बालपण गुजराती वातावरणात गेलं. घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी अशी कसरत करणाऱ्या आपल्या खानदेशातल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे ज्या माणसाच्या मराठीनं सगळ्या महाराष्ट्राला वेड लावलं, त्याच्या कानावर लहानपणी दोन भाषा पडत होत्या, एवढं लक्षात ठेवा.

वडील लवकर गेले. घर उचलून आधी कर्जतला आणि मग पुण्याला आलं. पैशाची ओढाताण कायमची. मॅट्रिक झाल्यावर गडकरी फर्ग्युसन कॉलेजात गेले, पण परीक्षेचं गणित काही जमलं नाही आणि पदवी न घेताच कॉलेज सुटलं. बॅकलॉग राहिला की आपण आठ दिवस तोंड लपवतो. ह्या मुलाचं तर कॉलेजच कायमचं संपलं होतं.

मग तो गेला किर्लोस्कर नाटक मंडळीत. हीरो म्हणून नाही हं! कंपनीत लहान वयाचे नट असायचे, त्यांना शिकवायचं काम त्याला मिळालं. पगार जेमतेम. पण रोज रात्री विंगेतून नाटक बघायला मिळायचं. कुठल्या वाक्याला टाळी पडते, कुठे लोक चुळबुळ करतात, रडता रडता कुठे हसवलं म्हणजे पुढचं रडू जास्त येतं, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे होतं. नाट्यशास्त्राची अशी डिग्री तेव्हा कुठलीच युनिव्हर्सिटी देत नव्हती.

कंपनीच्या ह्याच दिवसांत गुरू भेटले, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. नाटककार, विनोदी लेखक आणि पेशानं वकील. वऱ्हाडात खामगाव, जळगाव-जामोद इकडे त्यांची वकिली चालायची. (हे आपलं जळगाव नाही बरं का, शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातलं.) त्यांचा कल्पक विनोद गडकऱ्यांनी उचलला आणि स्वतःच्या पद्धतीनं वाढवला. कविता लिहायची ती 'गोविंदाग्रज' नावानं, विनोद लिहायचा तो 'बाळकराम' नावानं आणि नाटकं स्वतःच्या नावानं. एकाच माणसाची तीन नावं आणि तिन्ही गाजली.

'प्रेमसंन्यास' आलं आणि विधवा बाईच्या लग्नाचा प्रश्न मराठी रंगभूमीवर शोकांतिका होऊन उभा राहिला. विधवाविवाहाचा कायदा 1856 सालीच झाला होता, पण कायदा झाला म्हणून घरातला सोवळा कोपरा काही हलला नव्हता. नंतर 'पुण्यप्रभाव' आलं. नाव झालं, मागणी वाढली. आणि मग गंधर्व नाटक मंडळीसाठी लिहिलं 'एकच प्याला'.

पाच अंकांची गोष्ट

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुधाकर हुशार, तडफदार तरुण वकील आहे. गरिबीतून स्वतःच्या बळावर वर आलेला. बायको सिंधू श्रीमंत घरची, त्याच्यावर जीव टाकणारी. रामलाल हा जिवलग मित्र, तो विलायतेला निघालाय. सुधाकराची बहीण शरद, लहान वयात विधवा झालेली.

एक दिवस भर कोर्टात सुधाकराचा मुन्सफाशी खटका उडतो. अपमान होतो आणि वकिलीची सनद काही काळासाठी काढून घेतली जाते. घरी आलेला सुधाकर आतून पेटलेला असतो. तेव्हा त्याचा कारकून तळीराम त्याच्यापुढे एक प्याला धरतो. फक्त एकच, दुःख विसरण्यापुरता. ह्या तळीरामानं बेवड्यांचा एक क्लबच काढलाय, त्याचं नाव आर्य मदिरा मंडळ!

पुढे काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. पैसा जातो, अब्रू जाते. सिंधूचा भाऊ पद्माकर तिला माहेरी न्यायला येतो, पण ती जात नाही. माहेरच्या पैशाला हात लावायचा नाही हे नवऱ्याचं म्हणणं ती शपथेसारखं पाळते आणि पोटासाठी लोकांची दळणं दळते. सुधाकर मध्येच शुद्धीवर येतो, दारू सोडायचं ठरवतो, कामाच्या शोधात निघतो. ज्यांच्याकडे आशेनं जातो ती प्रतिष्ठित माणसं त्याला दारातूनच वाटेला लावतात. तो परत प्याल्याकडे वळतो. शेवटी नशेत आणि संशयात त्याच्या हातून तान्हं मूल मरतं, सिंधू जबर जखमी होते. पोलीस येतात तेव्हा ती मरता मरता नवऱ्याला वाचवणारी खोटी जबानी देते. ती गेल्यावर सुधाकर शेवटचा प्याला पितो. त्यात विष असतं.

आता चष्मे काढू.

पहिला चष्मा : ग्रीकांचा

शोकांतिका म्हटलं की मास्तर आधी अ‍ॅरिस्टॉटलचं नाव घेतात. त्याचं म्हणणं साधं आहे. नायक अगदी देवमाणूस नको आणि अट्टल बदमाशही नको. आपल्यासारखाच, पण थोडा वरचढ हवा. तो पडतो तो दुष्टपणामुळे नाही, त्याच्याकडून झालेल्या एका मोठ्या चुकीमुळे. आणि त्याला पडताना बघून आपल्याला कीवही येते आणि भीतीही वाटते.

ह्या मापानं बघितलं तर सुधाकराची चूक दारू नाहीच! दारू नंतर येते. त्याचा स्वाभिमान इतका टोकदार आहे की तो दुसऱ्याला टोचतोच, त्याला स्वतःलाही कापतो. कोर्टात तोच नडतो. सासऱ्याकडची मदत घ्यायची वेळ येते तेव्हाही तोच नडतो. ज्या गुणाच्या जोरावर गरीब घरातला पोरगा वकील झाला, त्याच गुणानं त्याला खाली खेचलं. शेक्सपिअरची आठवण इथे येतेच. आगरकरांनी 1883 मध्ये 'विकारविलसित' नावानं हॅम्लेट मराठीत आणला होता, देवलांनी ऑथेल्लोवरून 'झुंझारराव' केलं होतं. संशयानं आंधळा होऊन निर्दोष बायकोच्या जिवावर उठणारा नवरा मराठी प्रेक्षकानं आधीच पाहिला होता. गडकऱ्यांनी त्याला पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात आणून बसवलं.

आपल्या संस्कृत परंपरेत नाटकाचा शेवट सहसा गोड असायचा, रंगमंचावर मरण दाखवणं टाळलं जायचं. भासाच्या 'ऊरुभंग'सारखा अपवाद विरळा. त्या परंपरेतल्या प्रेक्षकाला गडकऱ्यांनी एकाच घरातली तीन मरणं दाखवली आणि तरीही लोक तिकीट काढून पुन्हा पुन्हा आले. असं का, ह्याचा विचार करा.

दुसरा चष्मा : इतिहासाचा

धुळ्याच्या मित्रांनो, हा चष्मा तुमच्या गावचा म्हणायला हरकत नाही. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे उभं आहे. अस्सल कागद शोधा, मग बोला, ही त्यांची शिकवण. नाटकालाही तेच लावून बघा.

'एकच प्याला' लिहिलं गेलं तेव्हा दारू हा फक्त घरातला प्रश्न नव्हता. इंग्रज सरकारनं 1878 च्या अबकारी कायद्यानं दारू गाळण्या-विकण्यावर ताबा बसवला होता. ठेके लिलावात जायचे आणि तिजोरी भरायची. 1908 मध्ये पुण्यात टिळकांच्या पुढाकारानं दारूच्या दुकानांवर निरोधन झालं, म्हणजे स्वयंसेवक दुकानापुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरवायचे. गडकरी तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यात नव्या इंग्रजी शिक्षणाबरोबर क्लब आले, पार्ट्या आल्या, पिणं म्हणजे सुधारलेपण अशी एक हवा आली. आर्य मदिरा मंडळ हा विनोद त्या हवेवरचा आहे. तिथे मंडळी प्याला हातात घेऊन सुधारणेवर भाषणं ठोकतात. गडकरी सुधारकांनाही टोमणे मारतात आणि सनातन्यांनाही.

मग प्रश्न येतो तो असा. सुधाकर पडला तो स्वतःच्या स्वभावानं, की ज्या व्यवस्थेनं आधी त्याला वकील केलं, मग एका फटक्यात त्याची सनद काढली आणि कोपऱ्यावर परवानाधारक दुकानही ठेवलं, तिनं त्याला पाडलं? ग्रीक चष्म्यातून फक्त सुधाकर दिसत होता. ह्या चष्म्यातून त्याच्या मागचं कोर्ट, सरकार आणि बाजार दिसतो.

तिसरा चष्मा : मनाचा

आज सुधाकर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञापुढे बसला असता तर त्याला वाईट माणूस असं कोणी म्हटलं नसतं. व्यसन हा आजार आहे, असं सांगितलं असतं. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते 1986 मध्ये, म्हणजे नाटकानंतर जवळपास सत्तर वर्षांनी. आता पुढचं बघा. दारुड्या कसा घडतो, हे सुधाकर स्वतः रामलालला पायऱ्या-पायऱ्यांनी समजावून सांगतो. सुरुवातीला माणूस प्याला धरतो, मग प्याला माणसाला धरतो, आणि शेवटी सुटायची इच्छा असली तरी हातापायांत बळ राहत नाही, असा त्याचा सगळा आशय. आजारी माणूस स्वतःच्या आजाराचं इतकं बिनचूक निदान करतो आणि तरीही बरा होत नाही! शोकांतिका म्हणतात ती हीच.

दारू सोडलेल्या सुधाकराला दारातून हाकलणारी ती प्रतिष्ठित माणसं आठवा. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला काम आणि विश्वास मिळाला नाही तर तो परत घसरतो, हे आज समुपदेशक सांगतात. गडकऱ्यांनी ते एका प्रवेशात दाखवलंय. आपण वाचताना तो प्रवेश भरकन उलटतो, कारण आपण तळीरामाच्या विनोदाची वाट बघत असतो.

आणि हा सगळा प्रकार सुरू झाला तो कशानं? चार लोकांत झालेल्या अपमानानं. रिझल्ट, नकार, ग्रुपवर उडालेली टिंगल, इंटरव्ह्यूतून आलेलं रिकाम्या हातचं परतणं, हे तुमच्या वयात कोणाला चुकलंय? त्या संध्याकाळी समोर कोण बसलंय, रामलाल की तळीराम, ह्यावर पुढचं बरंच काही ठरतं. सुधाकराच्या वेळी रामलाल बोटीत बसला होता.

चौथा चष्मा : सिंधूचा, गीतेचा आणि घरोटाचा

आतापर्यंतच्या तिन्ही चष्म्यांतून आपण सुधाकरकडेच बघत होतो. आता सिंधूकडे बघा.

पिढ्यान् पिढ्या तिला आदर्श पतिव्रता म्हणून डोक्यावर घेतलं गेलं. हाल सोसते, तक्रार करत नाही, मरताना नवऱ्याला वाचवते. आज वर्गातल्या मुली हे वाचून वैतागतात आणि ते बरोबरच आहे. जी बाई मूल गमावल्यावरही खोटी जबानी देते, तिला टाळी देताना आपण नेमकी कशाला टाळी देतो? 2005 मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. पण सरकारी दवाखान्यात जखम दाखवायला आलेल्या बाईनं घसरून पडले म्हणून सांगणं काही थांबलेलं नाही. सिंधूची जबानी अजून रोज कुठे ना कुठे दिली जाते.

मात्र गडकऱ्यांना एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची घाई करू नका. त्यांनी सिंधूच्या शेजारी गीता उभी केलीय, तळीरामाची बायको. ती फाडफाड बोलते, नवऱ्याला त्याच्या तोंडावर सुनावते. तिसरी शरद. तिच्या नशिबी वैधव्य आणि भोवती तिच्याबद्दल निर्णय घेणारे पुरुष. एकाच नाटकात सोसणारी, भांडणारी आणि वाट बघणारी अशा तीन बायका आहेत. लेखकानं देवीच्या जागी सिंधूला बसवलं हे खरं, पण भांडणारीलाही त्यानं स्टेजवर जागा दिली. गीतेच्या बाजूनं सगळं नाटक पुन्हा वाचून बघा, वेगळंच नाटक हाती लागेल.

आणि आता आपल्या मातीतली गोष्ट. सिंधू जात्यावर बसते तो प्रसंग बघून प्रेक्षक हुंदके द्यायचे. श्रीमंताची लेक, वकिलाची बायको आणि लोकांची दळणं दळते! त्याच काळात आपल्या जळगावात एक बाई पहाटे घरोटावर दळत होती. बहिणाबाई चौधरी. जन्म 1880 चा, आसोद्याचा. गडकऱ्यांपेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिशीतच नवरा गेला, पदरात तीन मुलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोट फिरायचा, पीठ पडायचं आणि गाणं तयार व्हायचं.

आता दोघी शेजारी शेजारी ठेवा. एकीचं जातं म्हणजे पडझडीची परिसीमा, दुसरीचं जातं म्हणजे रोजची पहाट. मग सिंधूच्या जात्यावर रडणारे प्रेक्षक नेमके कशासाठी रडत होते? बाईच्या कष्टासाठी, की आपल्यातली बाई त्या कष्टापर्यंत घसरली म्हणून? ज्यांच्या घरी आईनं, आजीनं आयुष्यभर दादर दळली, कापूस वेचला, त्यांना हा प्रश्न पुण्याच्या प्रेक्षकापेक्षा आधी सुचायला पाहिजे. नाटकातलं जग पांढरपेशा, उच्चवर्णीय घरांचं आहे आणि त्यातलं दुःखही त्या घरांच्या पायऱ्यांनी मोजलेलं आहे. म्हणून ते खोटं होत नाही, पण ते सगळ्यांचं दुःख आहे असं न तपासता म्हणायचं कारणही नाही.

गंमत पुढे आहे. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या. त्यांची गाणी मुलगा सोपानदेवांनी ज्यांच्यापुढे ठेवली आणि ज्यांनी ती 1952 मध्ये महाराष्ट्रापुढे आणण्यात पुढाकार घेतला ते आचार्य अत्रे, म्हणजे गडकऱ्यांना गुरू मानणारा माणूस! सिंधूच्या जात्यापुढे बसलेल्या परंपरेतल्याच एकाला खानदेशातल्या घरोटाचा सूर ओळखता आला. आज आपल्या विद्यापीठाला नाव आहे ते बहिणाबाईंचं.

पाचवा चष्मा : रंगमंचाचा

नाटक पुस्तकात अर्धंच असतं. सिंधूचं काम केलं बालगंधर्वांनी, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस ह्या पुरुषानं. त्यांचं आणि जळगावचं नातं तुम्हाला माहीत असायला हवं. लहानपणी ते इथे राहिले आणि मेहबूब खाँ ह्यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. जळगावातल्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे ते उगाच नाही. सुधाकर झाले गणपतराव बोडस.

बालगंधर्व म्हणजे भरजरी शालू आणि दागिने, असं तेव्हाचं समीकरण. तेच बालगंधर्व सिंधू होऊन ठिगळाच्या लुगड्यात उभे राहिले आणि लोक हलले. पण ह्या चष्म्यातून अवघड प्रश्नही दिसतात. सोसणाऱ्या बाईचा आदर्श एका पुरुषानं लिहिला, दुसऱ्या पुरुषानं लुगडं नेसून उभा केला आणि घराघरातल्या बायकांना तो आदर्श म्हणून दाखवला गेला. त्यात गाणं इतकं गोड की दुःखाची धार बोथट होते की काय, अशी शंका यावी. आणि ही पदं गडकऱ्यांची नाहीतच! तब्येतीनं साथ सोडली होती, म्हणून ती त्यांचे मित्र विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनी लिहिली. म्हणजे नाटकाचा लेखक कोण ह्याचं उत्तरही आपल्याला वाटतं तितकं सरळ नाही. लिहिणारा, पदं करणारा, गाणारा, नट आणि समोर बसून रडणारा, सगळ्यांनी मिळून ते घडवलं.

अखेरचे महिने

5 मे 1918 ला आपल्या भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, वय अवघं सत्तावीस. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ज्या पोराला बालकवी ही पदवी मिळाली होती तोच. गडकरी आणि ते एकाच पिढीतले, एकमेकांना ओळखणारे कवी. त्या वर्षी गडकऱ्यांची स्वतःचीही प्रकृती खालावत चालली होती. क्षयाची बाधा झाली होती आणि तेव्हा त्यावर औषध नव्हतं.

उपचारासाठी हवापालट म्हणून नागपूरजवळच्या सावनेरला ते आले. अंगात ताप आणि पुढ्यात 'भावबंधन'चे कागद. ते नाटक अखेरच्या दिवसांत पुरं झालं. 'राजसंन्यास' मात्र अपुरं राहिलं. 23 जानेवारी 1919 ला ते गेले. चौतिसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. महिन्याभरात, फेब्रुवारीत, बडोद्याला 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग झाला. लोक रडले, हसले, टाळ्या वाजल्या आणि विंगेत उभं राहून टाळी मोजायला शिकलेला माणूस तेवढा तिथे नव्हता.

पुढे त्यांच्या नावानं नाट्यगृहं झाली, पुतळे उभे राहिले. 2017 च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा काढून नदीत फेकला गेला. अपुऱ्या 'राजसंन्यास'मधल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावर आक्षेप होता. आक्षेप घेणं हा वाचकाचा हक्कच आहे, आज आपणही सिंधूबद्दल तो घेतला. फक्त तो हातात नाटक घेऊन घ्यायचा असतो. त्या दिवसांत बाजू घेऊन भांडणाऱ्या किती जणांनी, दोन्हीकडच्या, ते नाटक उघडलं होतं?

तुमचा चष्मा कुठला?

आता पेपरातल्या त्या प्रश्नाकडे या. 'एकच प्याला' दारूवर आहे, हे चूक नाही, पण ते पहिल्या पानावरचं उत्तर आहे. ग्रीक चष्म्यातून ते अभिमानावर आहे. इतिहासाच्या चष्म्यातून अबकारीच्या काळातल्या नव्या मध्यमवर्गावर. मनाच्या चष्म्यातून अपमान आणि आजारावर. बाईच्या चष्म्यातून, एकाच्या पडण्याची किंमत दुसऱ्यानं का मोजायची ह्यावर. आणि रंगमंचावर बघितलं तर दुःख सुंदर करून दाखवल्यानं आपलं नेमकं काय होतं ह्यावर. ह्यातला एकच खरा आणि बाकीचे खोटे, असं नाही. पण प्रत्येक चष्मा काहीतरी झाकतोही. सुधाकराच्या मनात खोल शिरलात की सिंधूची जखम विसरता. फक्त सिंधूचा राग धरलात की आजारी सुधाकर दिसेनासा होतो. सगळं खापर व्यवस्थेवर फोडलंत की तळीरामाच्या हातातला प्याला सुटून जातो.

हे सगळं नुसतं मार्कांसाठी नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, गल्लीत, हॉस्टेलच्या शेजारच्या खोलीत एखादा सुधाकर असेल. खानदेशात काय आणि बाकी महाराष्ट्रात काय, बायकांनी एकत्र येऊन, मतदान घेऊन गावातली बाटली आडवी केल्याच्या बातम्या तुम्ही ह्याच पेपरात वाचता. त्या बायका सिंधू नाहीत, त्या गीतेच्या वंशातल्या आहेत. पण त्या संध्याकाळी ज्या घरी परततात तिथे कोणीतरी सुधाकर थरथरत बसलेला असतो आणि त्याचंही काहीतरी करायचं असतं. एका चष्म्यानं ते घर दिसत नाही.

लायब्ररीत नाटक सापडेलच, कपाटात मागच्या रांगेत असेल. चौघं मिळून वाचा. एकानं सुधाकर घ्या, एकीनं सिंधू, एकीनं गीता आणि एकानं तळीराम. पाचव्या अंकात सिंधू जबानी देते तिथे थांबा आणि आपापल्या पात्राच्या बाजूनं सांगा, ह्या क्षणी तुम्ही काय केलं असतं. चौघांचं एकमत झालं तर समजा, नीट वाचलं नाही!